दीड वर्षाच्या लेकराला दूध नेमकं किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांना दूध द्या, हे आरोग्याच्या पानांवर, शाळेच्या भिंतींवर आणि डेअरीच्या फलकांवर सगळीकडे लिहिलेलं असतं. किती द्यायचं, ते मात्र सहसा कुठेच नसतं. त्यामुळे आपल्याकडे एकाच गावात दोन टोकं दिसतात. ज्या घरी दुभती म्हैस आहे, तिथलं दीड वर्षाचं लेकरू दिवसाला लिटरभर दूध पितं आणि भाकरीचा तुकडा तोंडाला लावू देत नाही. दोन घरं सोडून मजुरीच्या घरात पावभर दुधात तेवढंच पाणी मिसळून ते दिवसभर पुरवलं जातं. दोन्ही घरांत ‘दूध पाजलं’ याचं समाधान असतं, आणि रक्त तपासलं तर बरेचदा दोन्ही लेकरांचं हिमोग्लोबिन कमी निघतं. म्हणून मापाबद्दल थोडं सविस्तर लिहीत आहोत.

आधी आकडा. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दूध, दही, पनीर सगळं धरून दिवसाला ३५० ते ५०० मिली दुधाएवढं पुरतं. मधला आकडा ४०० मिली लक्षात ठेवावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार या वयाला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. गाईच्या १०० मिली दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ४०० मिलीत ४८०. उरलेलं थोडं वरण, पालेभाजी, तीळ यांतून सहज येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोबही याच्या जवळपास आहे: अंगावरचं दूध सुटलेल्या २ वर्षांच्या आतल्या मुलाला अंडी, मासे, मटण नेमानं मिळत असेल तर २०० ते ४०० मिली, आणि घर माळकरी असेल किंवा ते परवडत नसेल तर ३०० ते ५०० मिली.

लेकरू अजून आईच्या अंगावर पीत असेल, तर हा आकडा आणखी खाली येतो. दुसऱ्या वर्षातही अंगावरच्या दुधातून मुलाला दिवसाच्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक मिळू शकतो. अशा मुलाला वरचं दूध एक पाव, म्हणजे २५० मिली, बस झालं. तेही अर्धं दह्याच्या रूपात दिलं तरी चालतं. ‘वर्ष झालं, आता आईच्या दुधात काही राहत नाही’ हे आपल्याकडे हमखास ऐकू येणारं वाक्य आहे आणि ते चुकीचं आहे. २ वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजायला हरकत नाही. वेचणीच्या, निंदणाच्या दिवसांत आई सकाळी कामावर जाते तेव्हा निघण्याआधी, परतल्यावर आणि रात्री असं तीन-चार वेळा पाजलं तरी दूध टिकून राहतं. मधल्या वेळात आजीनं बाटली धरण्याऐवजी वाटी-चमच्यानं जेवण द्यावं.

आता मापाची अडचण. ‘एक गिलास’ म्हणजे किती? घरातला स्टीलचा गिलास १५० मिलीचाही असतो आणि ३०० मिलीचाही. म्हणून एकदाच दूधवाल्याच्या पावच्या मापानं, किंवा अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीनं, लेकराचा पेला मोजून घ्यावा आणि तो किती भरला म्हणजे १५० मिली होतं ते डोळ्यांत बसवून घ्यावं. रोज मोजायची गरज नाही. पण पेला ठरलेला हवा. बाटलीतून, गिलासातून, बशीतून असं थोडं थोडं दिवसभर गेलं की किती गेलं, ते घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

दुधाचे पदार्थ याच हिशोबात धरायचे. लहान वाटीभर, म्हणजे १०० ग्रॅम दही हे १०० मिली दुधाच्या बरोबरीचं. घरी केलेलं २५ ग्रॅम पनीरही कॅल्शियमच्या दृष्टीनं तेवढंच. खिरीत गेलेलं दूध मोजायचं. ताकाचा भरवसा मात्र कमी: एका वाटी दह्यात तीन वाट्या पाणी घातलं, तर वाटीभर ताकात दही पाव वाटीच. उन्हाळ्यात ते अवश्य द्या, पण दूध म्हणून धरू नका. तुपात आणि लोण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. ते भातावर ऊर्जेसाठी. आणि चहातलं दूध हे दूध नव्हे. चहातले घटक जेवणातलं लोह शरीरात शोषू देत नाहीत, त्यामुळे या वयाला बशीतला ‘थोडासा’ चहाही नको आणि चहात बुडवलेलं बिस्कीटही नको.

दूध जास्त झालं तर बिघडतं काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच सगळ्यांचा विश्वास बसत नाही. दीड वर्षाच्या मुलाची दिवसाची गरज साधारण हजार कॅलरींची. म्हशीच्या एक लिटर दुधातून तेवढ्या जवळपास पूर्ण मिळतात. मग लेकराला भूक लागणार कुठून? ते जेवत नाही म्हणून दूध देतात आणि दूध दिल्यामुळे ते जेवत नाही, असा फेरा सुरू होतो. पोट भरतं, वजनही बरं दिसतं, गाल वर येतात. पण या वयाला रोज ८ मिलिग्रॅम लोह लागतं आणि लिटरभर दुधात ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतं. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन, सोबत खाल्लेल्या अन्नातलं लोह शोषण्यात अडथळा आणतात. काही मुलांत, विशेषतः वर्षाच्या आत जनावराचं दूध सुरू केलेल्या मुलांत, आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा थोडा थोडा रक्तस्राव होत राहतो. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असल्या की गुबगुबीत दिसणारं लेकरू पांढरं पडतं. सोबत मलावरोध असतोच: दुधात चोथा नाही, आणि भाजी-भाकर पोटात जात नाही. शौचाच्या वेळी रडणारं, खडा होणारं मूल दिसलं, तर औषधाआधी दुधाचं माप विचारावं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. हा सगळा दोष दुधाचा नाही, हे उघड आहे. जेवणात लोह कमी, जंत, वारंवारची आजारपणं, आईचंच रक्त कमी असणं, अशी कारणं बरीच आहेत. पण ज्या घरात दूध मुबलक आहे, तिथे तरी हे एक कारण फुकटात दूर करता येतं.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून देऊच नये. त्यातली प्रथिनं आणि क्षार त्या वयाच्या मूत्रपिंडाला जास्त होतात, लोह नसल्यातच जमा, आणि आतड्यातून रक्त जाण्याचा धोका याच वयात अधिक. ६ महिन्यांनंतर खिचडीत कालवलेलं दोन चमचे दही किंवा रव्याच्या खिरीतलं थोडं दूध चालतं. पेल्यानं पाजायचं दूध वर्ष पूर्ण झाल्यावर.

पाणी घालण्याबद्दल. ‘म्हशीचं दूध जड जातं’ म्हणून निम्मं पाणी घालायची रीत घरोघरी आहे. त्यानं ऊर्जा निम्मी होते, कॅल्शियम निम्मं होतं आणि पाणी उकळलेलं नसेल तर हगवण होते ती वेगळी. वर्षावरच्या लेकराला दूध पातळ करायची गरज नसते. म्हशीचं दूध पचत नाहीसं वाटलं तर पाणी न घालता माप कमी करा, दोन वेळांत विभागून द्या, किंवा दही लावा. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ४ टक्के, म्हशीच्या ६ ते ७. त्यामुळे म्हशीचं ३०० ते ४०० मिली म्हणजे भरपूर झालं. याच्या उलटही होतं. तुपासाठी साय रोज काढून घ्यायची आणि खालचं दूध लेकराला. २ वर्षांखालच्या मुलाला त्या सायीची, म्हणजे स्निग्धांशाची आणि त्यासोबतच्या ‘अ’ जीवनसत्त्वाची गरज घरातल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे. लेकराचं दूध साय काढण्याआधी, ढवळून बाजूला काढावं. पिशवीचं दूध घेणाऱ्यांनी पिशवीवर वाचावं: टोन्ड दुधात ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड टक्का, फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो. लहान मुलासाठी डबल टोन्ड नको. निळ्या रंगातलं ‘+एफ’ चिन्ह असेल, तर त्यात ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वं मिसळलेली असतात. साध्या दुधात ‘ड’ फारसं नसतं.

गवळाऊ गाईचं की संकरित गाईचं, ‘ए-टू’ की आणखी कुठलं, यावर हल्ली बरीच चर्चा चालते. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा पट्ट्याची गवळाऊ टिकावी, असं आम्हालाही वाटतं. पण वर दिलेल्या हिशोबात त्यानं काही फरक पडत नाही. दुप्पट भाव देऊन तसलं दूध आणण्यापेक्षा त्या पैशांत आठवड्याची अंडी येतील. शेळीच्या दुधाबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असतं. वर्षावरच्या मुलाला शेळीचं दूध चालतं, पण सोबत वरण आणि हिरवी पालेभाजी हवीच. केवळ शेळीच्या दुधावर वाढवलेल्या मुलात वेगळ्याच प्रकारचा रक्तक्षय होतो.

धारोष्ण दूध पाजण्याची हौस अजून पुष्कळ गोठ्यांवर आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि जनावरांतला क्षयरोग मुलाला होऊ शकतो, जनावर वरून कितीही धडधाकट दिसो. गंज, म्हणजे दुधाचं पातेलं, चुलीवर ठेवून दूध वर येऊ द्यावं, मग आच कमी करून २-३ मिनिटं ढवळत उकळू द्यावं. नंतर गंज पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना फ्रिज नसलेल्या घरात सकाळचं दूध दुपारी भरवशाचं राहत नाही. लेकराला हवं तेवढं वेगळं काढून बाकीच्याला विरजण लावणं बरं. पेल्यात उष्टं राहिलेलं दूध पुन्हा तापवून द्यायचं नाही. आणि उन्हाळ्यात लेकरू पाण्यासाठी रडत असताना दूध पुढे केलं जातं, तेही टाळावं. तहानेला उकळून गार केलेलं पाणीच द्यावं.

साखर घालू नका. दर पेल्याला दोन चमचे धरले तर तीन पेल्यांत ६ चमचे, म्हणजे शंभराच्या वर कॅलरी नुसत्या साखरेच्या, आणि दात किडतात ते वेगळंच. गोड दुधाची चटक लागली की वरण-भात फिका लागतो. दुधात घालायच्या चॉकलेटी भुकट्यांतही बराच भाग साखरेचाच असतो; डबा उलटा करून घटकांची यादी वाचली की कळतं. १ वर्षावरच्या मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या दूध पावडरीची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे.

लिटरभर दुधाची सवय लागलेल्या मुलाला एका दिवसात तोडू नये. सगळ्यात आधी रात्रीची बाटली बंद करावी, कारण झोपेत तोंडात राहिलेल्या दुधानं पुढचे दात किडतात आणि सकाळची भूकही मरते. मग दर दोन-तीन दिवसांनी ५० मिली कमी करत जावं. बाटलीच्या जागी पेला आणला की निम्मं काम आपोआप होतं, कारण लेकरू पेल्यानं ढोसत नाही. पहिले चार-पाच दिवस रडारड होईल. त्या वेळी बिस्कीट हातात दिलं तर सगळं पाण्यात. बिस्कीटही भूकच मारतं. जेवणाच्या आधीच्या दीड तासात दूध नाही, एवढा नेम पाळला तर आठवडाभरात जेवणाची मागणी सुरू होते. ठरलेलं दूध दोन वेळांत द्यावं: सकाळच्या खाण्यानंतर १५० मिली आणि दुपारची झोप झाल्यावर १५० मिली. उरलेलं १०० मिली एखाद्या जेवणात दही म्हणून. दुपारचं जेवण लोहाचं ठेवावं: तुरीचं घट्ट वरण, ज्वारीची मऊ भाकर कुस्करून, चिवळ, तरोटा किंवा शेवग्याच्या पाल्याची शिजवून घोटलेली भाजी, वर तूप आणि लिंबाचे चार थेंब. संत्र्याच्या दिवसांत जेवणानंतर दोन-तीन फोडी, बिया आणि साल काढून. ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळ-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. मांसाहार चालत असेल तर आठवड्यातून एक-दोनदा कलेजीचा लहान तुकडा बारीक करून.

अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणारं लोहाचं सिरप ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिली द्यायचं असतं. ते दुधात मिसळून देणाऱ्या घरांची संख्या मोठी आहे. दुधासोबत दिलं की त्यातलं बरंचसं लोह वाया जातं. जेवणानंतर थोड्या वेळानं, पाण्यासोबत द्यावं. शौचाचा रंग काळा होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाटली मात्र मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, लोहाचा जास्त डोस विषारी ठरतो.

आता ज्यांच्या घरी दूध नाहीच, त्यांच्याबद्दल. गडचिरोलीतल्या काही माडिया वस्त्यांवर गाईचं दूध काढण्याची परंपरा नाही, ते वासराचं मानतात. आणि कोरडवाहू पट्ट्यातल्या मजुराला रोज पावभर दूध परवडत नाही. अशा आईबापांनी आपण लेकराची उपासमार करतो असं समजू नये. आईचं दूध २ वर्षांपर्यंत चालू राहिलं तर कॅल्शियमचा एक भाग त्यातून येतो. शेवग्याच्या पाल्यात ते भरपूर असतं. तीळ भाजून, कुटून भाजीत घालावेत; अख्खे तीळ तसेच बाहेर पडतात. तिळातलं कॅल्शियम दुधातल्याइतकं शोषलं जात नाही, म्हणून एकट्या तिळावर भिस्त नको. भंडारा-गोंदियाच्या तलावांतले लहान मासे सुकवून, भाजून, अगदी बारीक दळून वरणात चमचाभर घातले तर काट्यासकट कॅल्शियम मिळतं. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी दिली जातात. अंडं ज्याच्यासाठी आलं त्याच लेकराच्या पोटात गेलं पाहिजे. शेंगदाणे, फुटाणे या वयाला अख्खे कधीच देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून द्यावेत. आणि थोडं दूध मिळणारच असेल, तर ते पाणी घालून चार वेळा देण्यापेक्षा निर्भेळ एकदा द्यावं.

हगवण लागली की दूध एकदम बंद करायची घाई होते. अंगावरचं दूध तर मुळीच थांबवायचं नाही. ओआरएस, १४ दिवस झिंकची गोळी, मऊ खिचडी आणि दही, असं चालू ठेवावं. दूध प्यायल्यावर दर वेळी अंगावर गांधी उठणं, उलटी होणं किंवा शौचात रक्त दिसणं ही मात्र ॲलर्जीची लक्षणं असू शकतात. तिथे घरगुती प्रयोग न करता डॉक्टर गाठावा.

शेवटी रक्ताच्या तपासणीबद्दल. तळहात आणि डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसणं, माती, खडू किंवा भिंतीचे पोपडे खाणं, सतत किरकिर, थोडं खेळून बसून राहणं, यांतलं काही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन पाहून घ्यावं. ११ च्या खाली रक्तक्षय, ७ च्या खाली गंभीर. या वयात दर ६ महिन्यांनी जंताचं औषधही द्यावं: २ वर्षांपर्यंत अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, पुढे पूर्ण, चुरून पाण्यासोबत. आणि विदर्भात आणखी एक तपासणी सुटता कामा नये, ती सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या भागांत हा आजार बराच आढळतो. लेकरू फिकं पडलं, हातापायांची बोटं सुजून दुखू लागली, डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर ‘दूध-भाकर कमी पडते’ म्हणून घरीच लोहाची बाटली वाढवत नेऊ नये. सिकलसेलच्या मुलाला लोह द्यायचं की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि बोटातलं थेंबभर रक्त त्याला पुरतं. मात्र ती होकारार्थी आली तर वाहक की रुग्ण, हे त्यापुढच्या इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीतच कळतं, म्हणून दुसऱ्या तपासणीचा कागद हातात घेतल्याशिवाय तिथून परतू नये.

कळावे.

आपले,
ग्रामीण बालपोषणाचं काम करणारे आहारतज्ज्ञ व परिचारिका,
यवतमाळ जिल्हा